वाईट खोल्या चालतील

समोर गेणबाच्या अंगणात, कडुनिंबापासून विजेच्या खांबापर्यंत ताणलेल्या तारेवर, गेणबाची बंडी आणि प्रयागबाईचं हिरवं लुगडं यांच्या मधोमध निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा टॉवेल वाळत होता. कोकरे सर आपल्या वरच्या मजल्याच्या बाल्कनीत दात घासत उभे होते. खालच्या मजल्यावर न्हाणीघर होतं, बेसिन होतं, बेसिनवर आरसाही होता. पण वरच्या खोल्या कोंदट होऊ नयेत म्हणून सर रोज सकाळी दात वर येऊन घासत. रिकाम्या खोल्यांना माणसाचा वावर लागतो असं त्यांचं मत होतं, आणि घरात वावरायला सध्या तेवढेच मोकळे होते. टॉवेल त्यांच्या ओळखीचा होता. नऊ दिवस तो त्यांच्या एम-एटीच्या मागच्या सीटवर, एका लांब, उन्हानं लाल झालेल्या मानेभोवती बसून बारामतीभर हिंडला होता. आता टॉवेलामागून ती मान बाहेर आली, मग तांब्या धरलेला हात आला, मग अनवाणी पाय आले. येन्सनं वर पाहिलं, हात हलवला आणि इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणाला. सरांच्या तोंडात फेस होता. तो त्यांनी गिळला. टूथपेस्ट छातीतून खाली उतरताना गरम लागते हे त्यांना वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी कळलं. त्यांना मत्सर वाटला नाही. त्यांना एवढंच वाटलं, की टॉवेल चुकीच्या तारेवर आहे.

ते खाली आले. सारजा, त्यांची बायको, भाकरी थापत होती.

“समोर कोण आलंय?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तुमचाच न्हाय का त्यो. काल दिवस मावळायच्या आत आला की ब्याग घिऊन. तुमी पेन्शनच्या कागदाला इंदापूरला गेल्ता.”

“गेणबाकडं?”

“मग काय. पत्र्याच्या खोलीत. कडबा काढला, झाडून घेतली, झालं.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस.”

“आता ह्यात काय सांगायचं? खोली त्यांची, भाडेकरू त्यांचा.”

हे वाक्य सरांना दिवसभर पुरलं. खोली त्यांची, भाडेकरू त्यांचा. त्यात चूक काढायला जागा नव्हती, आणि ज्या वाक्यात चूक काढता येत नाही असं वाक्य सरांना सहन होत नसे. पत्र्याची खोली त्यांना माहीत होती. गेणबा साखर कारखान्यावर ड्रायव्हर होता तेव्हा त्यानं ती ट्रॅक्टरच्या सुट्या भागांसाठी बांधली. मग भाग गेले आणि कडबा आला. दुपारी तिथं कोंबडीसुद्धा थांबत नाही. आणि इकडं सरांचा वरचा मजला. दोन खोल्या, पक्का स्लॅब, मोझाइकची फरशी, आत जोडलेलं न्हाणीघर, पूर्वेला बाल्कनी. मुलासाठी बांधला होता. मुलगा पुण्यात फ्लॅट घेऊन बसला आणि फोनवर ‘भाड्यानं द्या ना, पप्पा’ एवढं म्हणून मोकळा झाला. सरांनी दिला नाही. बँकेचे दोन कारकून आले होते, एक नर्सबाई आली होती. सर त्यांना म्हणाले, बघू. ते कुणाची तरी वाट पाहत होते. कुणाची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि मग दूध संस्थेचा मॅनेजर येन्सला घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ठाऊक झालं.

येन्स डेन्मार्कचा. बारामतीकडच्या एका दूध संस्थेनं दूध थंड करायची नवी यंत्रं घेतली होती. ती चालवायला माणसं तयार करण्यासाठी तो दोन वर्षांकरता आला होता. वय चाळीसच्या आसपास, अजून एकटा. विश्रामगृहात त्याला कंटाळा आला होता. मॅनेजर म्हणाला, सर, तुमचं इंग्रजी आहे, याला जरा एखादं घर बघून द्या. सरांनी त्याला इंग्रजीत विचारलं, कसं घर पाहिजे? येन्सनं विचार केला आणि म्हणाला, सकाळी उठल्यावर कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येईल असं. सरांना हे फार वेगळं वाटलं. त्यांच्या घरात तो आवाज रोज यायचा, आणि त्याचं काही मूल्य असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सारजेला भांडी जरा सावकाश घासायला सांगितलं.

इंदापूरला एकतीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. या एकतीस वर्षांत त्यांना इंग्रजीत कुणी काही विचारलं नव्हतं. प्रश्न ते स्वतः विचारायचे आणि बहुतेक वेळा उत्तरही स्वतःच द्यायचे. आता मागच्या सीटवर एक माणूस बसला होता आणि तो खरोखर माहिती नसलेल्या गोष्टी विचारत होता. हे झाड कसलं? त्या बाईनं डोक्यावर काय धरलंय? कालव्याचं पाणी कुठून येतं? सर वळून उत्तर देत, गाडी डगमगे, येन्सचे गुडघे दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेल्या वल्ह्यांसारखे हलत, आणि समोरून येणारे बैलगाडीवाले मुकाट्यानं बाजूला होत. येन्सचं इंग्रजी आपल्यापेक्षा थोडं कच्चं आहे हे सरांना दुसऱ्याच दिवशी कळलं आणि त्याच्याविषयीचं त्यांचं प्रेम वाढलं. त्याच्या चुका ते मनातल्या मनात दुरुस्त करत, तोंडावर नाही. पाहुण्याला तेवढी सवलत असते.

घरं पुष्कळ पाहिली. प्रत्येक घरी चहा झाला. चहा झाल्यावर घरमालक म्हणत, आवो, घर तुमचंच हाय. सर हे जसंच्या तसं इंग्रजीत सांगत. तिसऱ्या दिवशी येन्स अगदी गंभीरपणे म्हणाला, सर, माझ्याकडं आता चार घरं झाली, यातलं कुठलं घेऊ? तेव्हा सरांना त्याला समजावून सांगावं लागलं, की इकडं असं म्हणतात तेव्हा घर मिळत नसतं. आणि बघू म्हणतात तेव्हा? तेव्हाही नसतं. मग मिळतं तेव्हा काय म्हणतात? सरांनी थोडा वेळ विचार केला. मिळतं तेव्हा बहुधा काहीच म्हणत नाहीत, असं ते म्हणाले. खरी कारणं त्यांना दाराशी, चपला घालताना, हळू आवाजात सांगितली जात. खातो काय वो? बायकू कुठाय? उद्या जायला न्हाय म्हनला तर कुठल्या सरकाराकडं जायचं? इंदापूरला सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर रिकामं होतं म्हणून ते येन्सला तिथवर घेऊन गेले. विद्यार्थ्याची आई बनाबाई येन्सकडं खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, “मास्तर, मानूस ग्वाड हाय. पर हितं मेलाबिला तर आमी ह्येला जाळायचा का पुरायचा?” येन्सनं उत्सुकतेनं विचारलं, काय म्हणाल्या? सर म्हणाले, त्या म्हणतात पाण्याची टंचाई आहे.

हे झालं दाक्षिण्य. पण सातव्या दिवशी भिगवण रस्त्याला एका गृहस्थानं चहा विचारला नाही, घर तुमचंच असंही म्हटलं नाही. चावी काढून फळीवर ठेवली आणि म्हणाला, कवा यायचं तवा या. खोली चांगली होती, खिडकीत जास्वंद होती. येन्सनं सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, ते आपल्याला कळवतील. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं सहज बाहेर आलं, की ते आपणच बोललो यावर त्यांचाही क्षणभर विश्वास बसला नाही. गाडी सुरू केल्यावर त्यांना हलकं वाटलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी वरच्या खोलीतला पंखा पुसला.

कारण येन्स वर राहणार हे तोपर्यंत ठरलं होतं. फक्त येन्सला कळायचं राहिलं होतं. आपण होऊन सांगणं सरांना बरं दिसलं नसतं. नऊ दिवस घरं दाखवायची आणि शेवटी स्वतःचंच पुढं करायचं, हे दलालासारखं झालं असतं. विचारायचं येन्सनं. आणि त्यानं विचारलंही. नवव्या दिवशी संध्याकाळी, सरांच्याच फाटकात, वर पाहत तो म्हणाला, सर, तुमचा हा वरचा मजला रिकामा आहे का? सर हसले, मान हलवली आणि म्हणाले, छे, छे, ते काही नाही, गरिबाच्या खोल्या, त्या तुमच्यायोग्य नाहीत. असंच म्हणतात. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट. पंक्तीत बुंदी वाढणारा येतो तेव्हा पानावर आडवा हात धरायचा असतो, आणि बोटांमध्ये फट ठेवायची असते. वाढणारा त्या फटीतून वाढतो. येन्स आणखी एकदा विचारणार, सर पुन्हा एकदा नको म्हणणार, येन्स आग्रह करणार, सर सारजेला हाक मारणार, चहा होणार. येन्स म्हणाला, ओके. आणि नऊ दिवसांबद्दल आभार मानून चालत विश्रामगृहाकडं गेला. सर फाटकात उभे राहिले. तो वळेल असं त्यांना कालव्याच्या पुलापर्यंत वाटत होतं.

आता रोज सकाळी समोर भांडी घासल्याचा आवाज होई. प्रयागबाई राखेनं घासायची, खसखसून, जगाला ऐकू जाईल असं. सरांना वाटे, ती पूर्वी एवढा आवाज करत नव्हती. संध्याकाळी गेणबा आणि येन्स कडुनिंबाखाली बाजेवर बसत. गेणबाला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं, येन्सला मराठी तेवढंच, आणि दोघं बोलत. सरांनी बाल्कनीत खुर्ची टाकली, पेपर धरला आणि ऐकलं. गेणबा कुठल्या तरी बैलाची हकिकत सांगायचा, हातवारे करून, पूर्ण. मग येन्स त्याच्या भाषेत कशाची तरी हकिकत सांगायचा, पूर्ण. मग दोघं हसायचे. कशाला हसतात? सरांनी दोन आठवडे ऐकून पाहिलं. हसण्यासारखं काहीच नव्हतं. बैलाची हकिकत तर चक्क दुःखद होती. यन्स नाही, जेन्स नाही, ये-न्स, असा उच्चार सरांनी त्याच्याकडून तीनदा घटवून घेतला होता. गेणबा त्याला येनबा म्हणे, आणि तो ओ देई. गेणबा आणि येनबा. सर मनाशी म्हणत, माणसाला आपल्या नावाचीही चाड नसावी. पण पेपरचं पान उलटायचं त्यांच्या लक्षात राहत नसे. एकदा त्यांनी सारजेला वाटीभर शेंगांची चटणी देऊन समोर पाठवलं.

“काय करतोय?” ती आल्यावर त्यांनी विचारलं.

“कोन?”

“कोण म्हणजे, तो.”

“लसून सोलतोय.”

“लसूण?”

“व्हय. प्रयागबाई म्हनली, रिकामा बसलाय तर सोल म्हनलं. चांगला सोलतो.” मग नवऱ्याकडं बघून म्हणाली, “अवं, तुमाला काय हुतंय का? त्वांड कसं कडू करून बसलाय.”

सरांना काही होत नव्हतं. ते विचार करत होते, की नऊ दिवसांत येन्सला लसूण सोलायला सांगावं हे आपल्याला का सुचलं नाही. आपण त्याला इंग्लंडचं हवामान, कालव्याची लांबी आणि इंग्रजी शिक्षणाची सद्यःस्थिती सांगितली. तो ऐकत होता. नम्र माणूस. गेणबाकडं तो नम्र नव्हता. गेणबाच्या पाठीत थाप मारताना सरांनी त्याला स्वतः पाहिलं होतं. ती थाप सरांना आपल्या पाठीत लागावी तशी लागली, म्हणजे न लागल्यामुळं लागली, आणि त्या रात्री पाठ खरंच दुखली.

मग हवालदार आला. जयवंता इंदापूरच्या शाळेत सरांच्या हाताखाली दोनदा नापास झालेला. त्यामुळं त्याच्या मनात सरांविषयी फार आदर होता. परदेशी माणूस सहा महिन्यांवर राहणार म्हणजे नोंद आली, चौकशी आली. गेणबाचा जबाब घेऊन तो रस्ता ओलांडून सरांकडं आला, टोपी काढून बसला.

“सर, तुमी शिकल्याली मानसं. तुमी त्याच्यासंगं हिंडलाय. मानूस कसा हाय? नावं ठेवन्यासारखं काय न्हाय ना?”

दुपारचे चार वाजले होते. समोर बाजेवर येन्स पालथा झोपला होता, एक पाय बाहेर लोंबत होता, आणि प्रयागबाई तो पाय ओलांडून ये-जा करत होती, जसा काही तो पाय तिथं पहिल्यापासूनच होता. सरांनी ते पाहिलं. “मी काय सांगणार, जयवंता?” ते म्हणाले. “माणूस परका. वरवर बघून कुणाचं काय कळतं? तुमचं तुम्ही बघा बुवा.” या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. जयवंतानं मान डोलावली, डायरीत काहीही लिहिलं नाही, आणि चहा अर्धा टाकून उठला. तो अर्धा कप पाहिल्यावर सरांना कळलं, की आपण काय सांगितलं ते त्याला नीट समजलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा तो पास झाला होता.

पासष्ट साली सर इंदापूरला रुजू झाले तेव्हा सर नव्हते, बावड्याच्या रामा धनगराचा म्हस्कू होते. बापाचा कळप अजून होता आणि त्यांच्या एकुलत्या एका कोटाला, कितीही धुतला तरी, पावसाळी हवेत मेंढरांचा वास यायचा. खोली शोधत ते अकरा दिवस हिंडले. घर तुमचंच आहे, मास्तर. बघू, मास्तर. गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग चहा यायला उशीर लागायचा. शेवटी तेलघाण्यावरची खोली चंद्राबाई नावाच्या एका विधवेनं दिली. तिनं आडनाव विचारलं नाही; जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे एवढंच सांगितलं. पेंडीचा वास सगळीकडं. त्या वासात बसून त्यांनी इंग्रजी शब्दकोश पहिल्या पानापासून पाठ करायला घेतला. चार महिने. मग एक दिवस चंद्राबाई दारात उभी राहिली, आत आली नाही, पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, मास्तर, दुसरीकडं बघता का? लोक बोलायला लागलेत. कोण लोक? ती म्हणाली, लोक. नंतरचं वर्ष त्यांनी शाळेत नकाशांच्या खोलीत, जगाच्या नकाशाखाली झोपून काढलं. कोण बोललं असेल याचा त्यांनी कितीतरी वर्षं विचार केला. त्यांच्या कल्पनेत तो माणूस जाडा, लबाड, पान खाणारा असे. आता जयवंता गेल्यावर कपबशी उचलताना त्यांच्या लक्षात आलं, की तो कदाचित साधा, नीटनेटका, आपल्याच घराच्या ओट्यावर बसलेला असेल, आणि तोही एक शब्द खोटा बोलला नसेल. हा विचार त्यांना आवडला नाही. कपबशी त्यांनी स्वतः विसळली.

तीन दिवसांनी येन्स फाटकात उभा होता, हातात बॅग. चेहरा, शाळेतून कारण न सांगता घरी पाठवलेल्या पोरासारखा. गेणबानं बॅग पायरीवर आणून ठेवली, हात जोडले आणि आत निघून गेला, असं येन्सनं सांगितलं. प्रयागबाई रडत होती. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. मग त्यानं वर पाहिलं. “सर,” तो इंग्रजीत म्हणाला, “तुम्ही सांगितलं होतं तुमच्या खोल्या चांगल्या नाहीत. मला वाईट खोल्या चालतील.”

सर त्याला वर घेऊन गेले. येन्सनं मोझाइकवर पाय ठेवला, न्हाणीघराचं दार उघडून पाहिलं, पंखा लावून पाहिला, आणि काही बोलला नाही. वाईट खोल्यांबद्दल काही बोलणं त्याला असभ्य वाटलं असावं. सरांनी स्वतःची सागवानी खाट वर चढवून दिली. पुढच्या आठवड्यात जयवंता आला. “सर, आता तुमच्याकडं हाय म्हंजी प्रश्नच मिटला,” म्हणून त्यानं उभ्या उभ्या कागद पुरे केले.

सरांना जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. टॉवेल त्यांच्या तारेवर होता. सकाळी दात ते खालीच घासू लागले. सहा वाजता ते वर जात, खुर्चीत बसत आणि एखादा विषय काढत. विषय त्यांनी दुपारी ठरवलेला असे. येन्स ऐके, योग्य ठिकाणी मान हलवे, आणि त्याची नजर बाल्कनीच्या कठड्यावरून खाली, समोर, कडुनिंबाखाली जाई. तिथं बाज उभी करून ठेवलेली होती. गेणबा संध्याकाळचा घरात बसू लागला होता. प्रयागबाई अंगणात आली की वर न बघता भांडी उचलून आत नेई आणि आतच घासे. सरांच्या लक्षात आलं, की समोर आता हसायचा आवाज येत नाही. आणि इकडंही येत नाही. दोन घरांमध्ये मिळून जे काही होतं ते कुठं गेलं, याचा त्यांना हिशेब लागेना. ते जास्त बोलू लागले. एका संध्याकाळी ते बोलत असताना येन्सनं सारजेला खाली भाजी निवडताना पाहिलं, माफ करा म्हणाला, जिना उतरून गेला आणि तिच्या समोर बसून लसूण सोलू लागला. सर वर एकटेच खुर्चीत राहिले. त्यांना आपल्या बायकोचा राग आला, मग लसणाचा आला. आपण कुणाकुणावर जळावं याला काही मर्यादा असावी, असं त्यांना वाटून गेलं. पण वाटून गेलं तेवढंच.

सहा आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, येन्स खाली आला आणि म्हणाला, सर, माझ्याबरोबर समोर चला. मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे, आणि तिच्यासाठी मला शब्द पाहिजेत. नाही म्हणायला सरांना कारण सुचलं नाही. नऊ दिवस त्यांनी हेच काम केलं होतं.

गेणबा ओट्यावर पायाला तेल चोळत बसला होता. त्यांना पाहून तो उठला नाही, पण सरकला. “या सर, टेका. ये रं येनबा.” येन्स त्याच्या शेजारी बसला आणि बोलला. सरांनी मराठी केलं. “तो विचारतोय, त्याचं काय चुकलं. त्याला का काढलं. माझ्याकडं आल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नाही म्हणतो.”

गेणबा बराच वेळ तेल चोळत राहिला. “त्येचं काय बी चुकलं न्हाय म्हनावं. हवालदार म्हनला, शेजारी खात्री देत न्हाईत, उद्या कायतरी झालं तर तुमी आत जाल. प्रयागी भ्याली. मी बी भ्यालो.” मग त्यानं मान वर केली. “सर, मला शेजारी दोन. एक तुमी, आनि मागं कालवा. कालवा काय बोलला नसंल.”

आत प्रयागबाईचा भांड्यांचा आवाज थांबला.

“गेणबाराव...” सर म्हणाले.

“मी कुटं काय म्हनतोय?” गेणबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “त्येनं इचारलंय, त्येला सांगा. तुमी इंग्रजीत काय सांगताय ते मला कळायचं न्हाय, आनि मी मराठीत काय म्हनलो ते त्येला. तवा तुमाला पायजे ते सांगा. तुमच्याकडं राह्यलाय, सुखात हाय.”

येन्स सरांच्या तोंडाकडं बघत होता, विद्यार्थ्यानं बघावं तसा. एवढ्या उत्सुकतेनं सरांच्या तोंडाकडं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांच्याजवळ वाक्यं तयार होती, पाच-सहा, सगळी शुद्ध. कुठलंही चाललं असतं. ‘तो म्हणतो’ अशी त्यांनी सुरुवात केली, आणि ती सोडून दिली. “मी,” ते इंग्रजीत म्हणाले. “पोलिसानं मला विचारलं. मी तुमच्याबद्दल चांगलं बोललो नाही. वाईटही बोललो नाही. ते पुरतं.”

“का?” येन्सनं विचारलं.

सरांना मत्सराचा इंग्रजी शब्द येत होता. तो त्यांनी एकतीस वर्षं, स्पेलिंगसह, वाक्यात उपयोग करून शिकवला होता. तो इथं फार छोटा पडत होता. “कारण तुम्ही इथं होता,” ते म्हणाले.

येन्सनं गेणबाकडं पाहिलं. गेणबा काही न कळता, पण सगळं कळल्यासारखा, तेलाच्या बाटलीचं बूच लावत होता. मग येन्स उठला आणि पत्र्याच्या खोलीकडं गेला. दारातून वाकून आत पाहिलं. कडबा परत भरलेला होता. त्यानं त्यातली एक पेंढी उचलली आणि बाहेर आणून ठेवली. मग दुसरी.

“आरं आरं, थांब की, म्या काडतो,” गेणबा म्हणाला, आणि उठला.

सोमवारी सर ठाण्यात गेले. जयवंतानं खुर्ची दिली. कोऱ्या कागदावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं, की सदर इसमास मी चांगला ओळखतो, त्याची वर्तणूक उत्तम आहे, आणि मागे मी दिलेली माहिती अपुरी होती, तो दोष माझा. जयवंता ते दोनदा वाचून म्हणाला, “सर, हे शेवटचं नसलं तरी चाललं असतं.” सर म्हणाले, “असू दे.”

मंगळवारी सकाळी खाट खाली आणायची होती. सारजा जिन्याखाली उभी होती. “अवं, खाट आपली हाय. ती कशाला देताय?”

“पत्र्याखाली बाजेवर त्याची पाठ मोडेल.”

“आनि तुमची?”

येन्स पुढं, उलटा उतरत; सर मागं. जिन्याचं वळण अरुंद होतं. डावीकडं. थोडं वर. भिंत सांभाळा. थांबा. आता. असं दोघं इंग्रजीत बोलत होते, आणि कुणी कुणाला काही समजावून सांगत नव्हतं. फाटकातून बाहेर आल्यावर सरांच्या हातातून खाट सुटायला लागली. रस्त्याच्या मधोमध त्यांनी ती खाली टेकवली. येन्स एका टोकाला बसला. सर उभे होते. येन्सनं फळीवर थाप मारली, तेव्हा ते दुसऱ्या टोकाला बसले.

“जड आहे,” येन्स म्हणाला.

“सागवान आहे,” सर म्हणाले.

“चांगलं लाकूड?”

“फार चांगलं. उत्तम आहे. माझ्याकडं याहून चांगलं काही नाही.”

येन्सनं मान डोलावली आणि फळीवरून हात फिरवला. समोरून गेणबा ओरडला, “आरं आना की आत! तितं रस्त्यात काय संसार मांडला?” प्रयागबाई त्याच्यामागं कमरेवर हात ठेवून हसत होती.

“आलो, आलो. दम घेतोय,” सरांनी उत्तर दिलं. त्यांचा दम केव्हाच परत आला होता. इकडं फाटक, तिकडं कडुनिंब, दोन्ही सारखीच लांब होती. कालव्याच्या बाजूनं दूध संस्थेची गाडी आली, खाटेपाशी थांबली, हॉर्न वाजवला, आणि सरांनी बसल्याबसल्याच हात वर करून तिला थांबायला सांगितलं.